'नोली मे तांगेरे' मधली माणसं : नायिका एवढी फिकी का?

निशिगंध

होसे रिझालची 'नोली मे तांगेरे' परवा वाचून संपवली आणि डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा. इंग्रजीतून वाचली, डर्बीशायरचं १९१२ चं भाषांतर. भाषा जुनाट आहे पण नेटवर फुकट मिळतं.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मूळ पुस्तक स्पॅनिशमध्ये, १८८७ साली बर्लिनला छापलेलं, लेखक तेव्हा पंचवीस वर्षांचा डोळ्यांचा डॉक्टर. क्रिसोस्तोमो इबारा हा श्रीमंत घरातला तरुण सात वर्षं युरोपात राहून फिलिपिन्सला परत येतो तर कळतं की बाप तुरुंगात मेला, आणि वर गावच्या पाद्र्याने त्याचं प्रेत ख्रिस्ती दफनभूमीतून उकरून काढायला लावलं. राज्य स्पेनचं पण गावात हुकूम चालतो मठवाल्या पाद्र्यांचा. इबाराला सूड वगैरे घ्यायचा नाहीये, त्याला सान दिएगो गावात शाळा बांधायचीये आणि लहानपणापासून ठरलेल्या मारिया क्लाराशी लग्न करायचंय. दोन्ही होत नाही.

आता प्रश्न. यातली बाजूची माणसं, म्हणजे वेडी झालेली सिसा, तो म्हातारा तासियो, दोन्या कॉन्सोलासिऑन, अगदी दोन पानांसाठी येणारे कबर खोदणारेसुद्धा, अशी उभी राहतात की बास. आणि जी नायिका आहे ती मात्र पियानोजवळ बसते, लाजते, बेशुद्ध पडते, आजारी पडते, मठात जाते. एवढं तिखट लिहिणाऱ्या माणसाला नायिकाच का जमली नाही? का मुद्दाम तशी ठेवलीये? वाचलेल्यांनी प्लीज लिहा.

चहाबाज

अहो स्पॉयलर अलर्ट टाकायचा ना! पुस्तक येऊन जेमतेम एकशे पस्तीस चाळीस वर्षं झालीत, लोकांना वाचायला वेळ नको का मिळायला :)

बोटीवरचा

वा, या विषयावर मराठीत धागा बघून बरं वाटलं. मर्चंट नेव्हीत असल्यामुळे आयुष्याचा बराच भाग फिलिपिनो लोकांबरोबर गेलाय. इंजिन रूममध्ये चार फिलिपिनो बसले की दोन विषय हमखास, एक बास्केटबॉल आणि दुसरा घरचं जेवण. नोलीचा विषय मीच काढला होता एकदा मेसमध्ये, आणि आमचा बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम), एरवी तोंडातून शब्द न काढणारा माणूस, एकदम सुरू झाला. शाळेत असताना नाटकात त्याला क्रिस्पिन, म्हणजे सिसाचा धाकटा मुलगा, केला होता म्हणे, का तर वर्गात सगळ्यात बारका तोच. सगळ्यांनाच कथा पाठ. त्यांच्याकडे नववीला नोली आणि दहावीला त्याचा पुढचा भाग 'एल फिलिबुस्तेरिस्मो'.

गंमत म्हणजे मी विचारलं की तुमचा आवडता कोण, तर एकानेही इबाराचं नाव घेतलं नाही. सगळे एलियास, म्हणजे इबाराचा जीव वाचवत फिरणारा तो नावाडी. कुकने मात्र दोन्या व्हिक्टोरिना सांगितलं आणि तोंडाला पावडर थापल्याची अ‍ॅक्टिंग करून दाखवली, मेस लोळत होता हसून.

वाचनवेडी

निशिगंध, धागा आवडला पण मारिया क्लाराबद्दल असहमत. ती फिकी वाटते कारण आपण तिला इबाराच्या नजरेने बघत राहतो. तिच्या बाजूने गोष्ट लावून बघा.

ती कपितान तियागोची मुलगी नाही, पाद्रे दामासोची आहे (तोच, इबाराच्या बापाचं प्रेत उकरायला लावणारा). हे तिला कळतं कसं? तर पाद्रे साल्वी, जो अख्खं पुस्तकभर झुडपाआडून वगैरे तिच्याकडे बघत असतो, तो तिच्या मेलेल्या आईची पत्रं मिळवतो. त्या पत्रांत आई पोटातल्या मुलीला शाप देतेय, मूल पडावं म्हणून औषधं घेतल्याचं लिहितेय. साल्वी म्हणतो ही पत्रं हवीत तर इबाराने तुला लिहिलेलं पत्र दे. आता ती काय करेल? आईची अब्रू, तियागोचं नाव, दामासोचं पद, सगळं एका बाजूला. ती पत्र देते. तेच पत्र इबाराविरुद्ध पुरावा म्हणून कोर्टात येतं.

आणि मग तो तुरुंगातून पळून जाताना तिच्या गच्चीवर येतो, तिला माफ करायला आल्याच्या थाटात, तेव्हा ती त्याला हे सगळं सांगते. एकदाही गयावया नाही. मला तर त्या प्रसंगात इबाराच लहान वाटला. पुस्तकात सगळ्यात महाग सौदा तिने केलाय आणि आपण म्हणतो ती फक्त बेशुद्ध पडते!

डोंगरवाट

@वाचनवेडी, सौदा केला हे मान्य पण तो सौदा आपल्याला नंतर ऐकवला जातो ना. प्रत्यक्ष साल्वी समोर बसलाय, पत्रं टेबलावर, ती विचार करतेय, असा प्रसंग लेखकाने लिहिलेलाच नाही. सिसाच्या बाबतीत मात्र तो तिच्या झोपडीत जाऊन बसतो, ताटात काय आहे ते मोजून सांगतो. निशिगंधचा मुद्दा बहुतेक हाच आहे.

सिसाचं ते जेवणाचं प्रकरण आठवा. दोन्ही पोरं चर्चमध्ये घंटा वाजवायला, बासिलियो दहाचा आणि क्रिस्पिन सातचा. ती त्यांच्यासाठी सुकी मासळी, टोमॅटो, आणि तासियोबाबाने दिलेलं रानडुकराचं मांस आणि बदकाची तंगडी असं जपून ठेवते. एवढ्यात जुगारी नवरा उगवतो आणि बसून सगळं चापतो. पोरांबद्दल विचारतो पण जेवता जेवता. आणि जाताना सांगतो की पगार मिळाला की मला दे! बिचारी नंतर परत भात करून उरलेले तीन मासे पोरांसाठी मांडायला लागते. तिकडे त्याच रात्री क्रिस्पिनवर सोन्याची दोन नाणी चोरल्याचा आळ आणि त्याला मारून टाकलेलं.

हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं काही दिवस.

अण्णा_गिरगाव

सिसा म्हणजे सरळ सरळ निरुपा रॉय आहे हो. नवरा वाईट, दोन मुलं, एक मेला एक हरवला, आई वेडी, शेवटी मुलगा सापडतो आणि ती त्याला ओळखून प्राण सोडते. फक्त अमिताभ यायचा बाकी. एवढं डोळे पुसत वाचण्यासारखं काय आहे मला कळलं नाही. रडकं मेलोड्रामा लेखन, त्या काळी सगळेच लिहायचे.

चहाबाज

अण्णा, हसून हसून पुरेवाट! पण मग एलियास कोण, शशी कपूर का? "मेरे पास बोट है"

मुक्ताफळे

+१ चहाबाज, बोट खरंच आहे त्याच्याकडे.

वाचनवेडी

अण्णा, निरुपा रॉयला पोलीस गावातून चालवत नेतात का? सिसाला सिव्हिल गार्डचे दोन शिपाई चोरांची आई म्हणून पकडून नेतात. ती त्यांना विनवते की मला थोडं पुढे चालू द्या, म्हणजे लोकांना वाटेल मी एकटीच चाललेय. नेमके लोक चर्चमधून बाहेर पडतायत. ती वेडी होते ती पोरं गेल्यामुळे फक्त नाही, ती त्या रस्त्यावर वेडी व्हायला लागते.

आणि हे हवेतून आलेलं नाही. रिझालच्या स्वतःच्या आईवर नात्यातल्या एका बाईला विष घालायचा प्रयत्न केला असा खोटा आळ घेतला होता आणि तिला कालांबाहून सांता क्रुझच्या तुरुंगापर्यंत चालवत नेलं होतं. अंतर जवळजवळ पन्नास किलोमीटर. अडीच वर्षं तुरुंगात होती. हा तेव्हा दहाएक वर्षांचा पोरगा. याला मेलोड्रामा म्हणायचं असेल तर म्हणा.

अण्णा_गिरगाव

आईचं माहीत नव्हतं. तरी तो शेवट जास्तच आहे.

कुडचडेकर

गोंयकार असल्यामुळे वाचताना सारखी तुलना होत होती. आमच्याकडे पोर्तुगीज, त्यांच्याकडे स्पॅनिश, दोन्हीकडे पाद्री. पण फरक मोठा आहे आणि तो समजला की दामासो आणि साल्वी का असे आहेत ते कळतं.

फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन हे सगळे मठवाले म्हणजे फ्रायर. गोव्यात यांचे मठ १८३५ मध्ये सरकारनेच बंद केले, पोर्तुगालमध्ये उदारमतवाले आले त्याचा परिणाम. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात आमचे गावचे पाद्री बहुतेक गोंयकारच. त्याआधी मात्र आमच्याकडेही रडगाणं तेच होतं, गोंयकार पाद्र्यांना वरची पदं देत नाहीत म्हणून १७८७ चा पिंटोंचा कट झाला, त्यात पाद्रीच पुढे होते.

फिलिपिन्समध्ये फ्रायर गेलेच नाहीत. उलट स्पेनहून अधिकारी येणार, दोन चार वर्षांत बदलून जाणार, पण फ्रायर त्याच गावात वीस वीस वर्षं. कर कोण भरतंय, कोणाची पोरं शाळेत जातात, कोण कन्फेशनला आला नाही, सगळी खबर त्याच्याकडे. वर जमिनी. रिझालचं स्वतःचं कुटुंब कालांबाला डॉमिनिकन मठाच्या जमिनीवर कूळ होतं आणि खंडाच्या भांडणात पुढे घराबाहेर काढलं गेलं. स्थानिक पाद्र्यांना पॅरिश, म्हणजे गावची चर्चं, द्या म्हणून बोलणारे गोमेझ, बुर्गोस आणि झामोरा, तिघांना १८७२ मध्ये बंडाच्या आरोपाखाली जाहीर मृत्युदंड. दुसरी कादंबरी त्याने या तिघांनाच अर्पण केलीये.

म्हणून पहिल्याच प्रकरणात दामासो जेवणाआधीच्या गप्पांत ओरडून बोलतो की वीस वर्षं मी या गावात होतो आणि प्रत्येकाला ओळखतो, तेव्हा ती नुसती बढाई नसते.

मुक्ताफळे

जेवण म्हटल्यावर तिनोला आठवला की नाही कुणाला? कपितान तियागोकडची पार्टी, कोंबडीचा तिनोला वाढतात, आणि दामासोच्या वाट्याला आलेली असते मान आणि चिवट पंख, बाकी भोपळ्याच्या फोडी. आणि इबाराच्या ताटात सगळे चांगले तुकडे, कारण त्याच्यासाठीच केलेलं असतं. दामासो चमच्याने भोपळा चेचतो, ताट ढकलून देतो. अख्ख्या कादंबरीचं वैर सुरू होतं ते एका मानेवरून असंच म्हणायला हरकत नाही. मी तर वाचताना मोठ्याने हसले.

कुडचडेकर

लग्नात वडे कमी पडले म्हणून तीन पिढ्या बोलत नसलेली घरं मी बघितलीत, दामासोला मी समजू शकतो.

डॉ_हळद

माझा नंबर लागला एकदाचा! मी फिलिपिन्समध्ये दवावला मेडिकलला होतो. आपल्याकडची किती पोरं तिकडे जातात तुम्हाला माहीतच असेल, आमच्या बॅचला लातूर नांदेडचीच मोठी गॅंग. एमडीच्या आधी तिथे बीएस करावं लागतं आणि त्यात रिझालचा कोर्स कंपलसरी, परदेशी असलात तरी सुटका नाही. कायदाच आहे १९५६ चा, सगळ्या शाळा कॉलेजात रिझाल शिकवायचा. तेव्हा चर्चने जाम विरोध केला होता. शेवटी तडजोड अशी झाली की धर्माच्या कारणाने एखाद्याला मूळ न गाळलेली आवृत्ती वाचायची नसेल तर लेखी देऊन सूट मिळवता येते, पण कोर्स मात्र करायचाच.

आम्ही सगळे परीक्षेपुरतं रट्टा मारणारे. पहिल्या सेमिस्टरला आमच्यातल्या एकाने उत्तरात "क्रिस्पिन अँड बासिलियो आर टू ब्रदर्स ऑफ रिझाल" असं लिहिलं आणि मॅडमनी ते वर्गात वाचून दाखवलं. :)

तिनोलाबद्दल: आम्ही मेसमध्ये आठवड्यातून खायचो. आलं, कोंबडी, कच्ची पपई आणि वरून शेवग्याची पानं. ते मलुंगाय म्हणतात. घरी आईला फोनवर सांगितलं की इथे शेवग्याची भाजी कोंबडीत घालतात तर ती म्हणे वाया घालवतात रे.

आता मूळ विषय. तिथे 'मारिया क्लारा' म्हणजे सोज्वळ, हळू बोलणारी, मान खाली घालून चालणारी मुलगी असं झालंय. त्या नावाचा पारंपरिक ड्रेससुद्धा आहे. आमच्या मॅडमना याचा भयंकर राग होता. त्या म्हणायच्या की रिझालने ही मुलगी आदर्श म्हणून लिहिलीच नाही, आईबाप पाद्री सगळ्यांनी मिळून मुलीला असं वाढवलं की काय होतं ते दाखवायला लिहिली, आणि आपण तिचाच पुतळा करून बसलो. २०२२ मध्ये तिकडे जीएमए चॅनेलवर एक मालिका आली होती, आजची नर्सिंगची विद्यार्थिनी झोपेतून उठते ती थेट नोलीच्या आत, आणि मारिया क्लाराला म्हणते अगं बोल की काहीतरी. माझ्या रूमीच्या घरचे तीन पिढ्या एकत्र बसून बघायचे म्हणे.

निशिगंध

डॉ_हळद, फार भारी माहिती! तुमच्या मॅडमचं म्हणणं पटतंय अर्धं. पण लेखकाला ती तशी का झाली हे दाखवायचं असेल तर मग पियानो आणि चांदण्याची वर्णनं एवढी मनापासून का? ती उपरोधाने लिहिलेली वाटत नाहीत. ज्या गोष्टींवर त्याला हसायचंय तिथे तो सुरी काढतो, म्हणजे दोन्या व्हिक्टोरिना. फिलिपिनो असून स्पॅनिश असल्याचा आव, नावात एक जास्तीचं 'दे', खोट्या बटा, तांदळाची पावडर, आणि नवरा कोण तर लंगडा तोतरा तिबुर्सियो जो डॉक्टर नाहीच पण हिने त्याला डॉक्टर करून सोडलाय.

डोंगरवाट

व्हिक्टोरिना विनोदी आहे पण मला कॉन्सोलासिऑन जास्त भयानक वाटली, आणि ती लिहिताना रिझाल कुठल्या कुठे गेलाय. नीट आठवतंय म्हणून लिहितो.

ती अल्फेरेसची, म्हणजे गावच्या सिव्हिल गार्डच्या प्रमुखाची बायको. पूर्वीची धोबीण. तागालोग, म्हणजे तिथली भाषा, येत नाही असं नाटक करते कारण आता ती 'युरोपियन'. गावची जत्रा चालू आहे आणि नवऱ्याला तिची लाज वाटते म्हणून त्याने तिला चर्चमध्ये प्रार्थनेला जाऊ दिलेलं नाही, घरात कोंडून ठेवलंय, ती दिवसभर खिडक्या बंद करून चिरूट ओढत बसलीये आणि धुमसतीये. तेवढ्यात खाली कोठडीत वेडी सिसा गातेय. ही तिला वर बोलावते. गा म्हणते, स्पॅनिशमध्ये. सिसाला स्पॅनिश कुठलं यायला. मग शिपाई तागालोगमध्ये सांगतो आणि सिसा एक जुनं गाणं म्हणायला लागते. बाई आधी हसतायत, मग ऐकायला लागतात, मग एकदम उठून उभ्या राहतात आणि ओरडतात, गाऊ नकोस, त्या ओळींनी त्रास होतो मला. हे सगळं अस्सल तागालोगमध्ये! शिपाई बघतच राहतो, अरेच्चा, बाईसाहेबांना येतं की!

आणि त्याला कळलं हे हिला कळल्याबरोबर ती त्याला हाकलून देते, चाबूक घेते आणि सिसाला नाच म्हणत झोडपायला लागते.

म्हणजे बघा, चाबूक कधी येतो? आतलं माणूस दिसल्यावर. ही बाई मारिया क्लारासारखी सुंदर नाही, सिसासारखी गरीब बिचारी नाही, हिच्यावर कोणी दया करणार नाही, पण अर्ध्या पानापुरती ती तुम्हाला कळते आणि लगेच परत घाण वाटायला लागते. हे मारिया क्लाराच्या वाट्याला एकदाही आलेलं नाही. माझं मत कायम.

वाचनवेडी

हा प्रतिसाद मस्तच. या प्रसंगाबद्दल काहीच म्हणणं नाही.

बोटीवरचा

एलियासबद्दल कोणी बोलणार आहे का नाही? सगळे बायकांवरच घसरलेत :)

एलियासची पूर्वकथा म्हणजे एक स्वतंत्र कादंबरी आहे. आजोबा मनिलात एका व्यापाऱ्याकडे हिशेबनीस, वखारीला आग लागली, आळ यांच्यावर, रस्त्यारस्त्यात फटके. पुढे त्यांनी फास लावून घेतला. एक मुलगा दरोडेखोर झाला, त्याचं मुंडकं कापून त्याच्याच आईच्या दारासमोर टांगलं. दुसरा मुलगा म्हणजे एलियासचा बाप. एलियास आणि त्याची जुळी बहीण आजोळी लाडात वाढले, बाप मेला असं सांगितलेलं. घरात एक म्हातारा नोकर होता, त्याला हा हवं तसं बोलायचा, राबवायचा. घराण्याचं गुपित फुटलं तेव्हा कळलं की तो नोकर म्हणजे त्याचा बाप. मला वाटतं पुस्तकातली सगळ्यात क्रूर गोष्ट ही आहे आणि तिथे एकही पाद्री नाही.

आणि हे सगळं सुरू करणारा तो व्यापारी कोण, तर इबाराचा पणजोबा. ज्याचा जीव हा वाचवत फिरतोय त्याच्याच घराण्याने याचं घर बुडवलंय. कळतं तेव्हा हातात खंजीर आहे, समोर इबारा आहे, आणि तरी तो सोडून पळत सुटतो.

चहाबाज

म्हणजे हिरो तोच. विषय संपला.

अण्णा_गिरगाव

विषय कसा संपला? एलियासला लेखकाने एवढा थोर केलाय की तो माणूस वाटत नाही. मगरीशी काय लढतो, तुरुंग काय फोडतो, शाळेच्या पायाभरणीला दगड पडायच्या वेळी बरोबर तिथेच काय असतो. इबारा चुकतो, चिडतो, जेवणाच्या पंगतीत दामासोच्या अंगावर सुरी घेऊन धावतो, मग पस्तावतो. माणूस तो आहे.

कुडचडेकर

अण्णांशी चक्क सहमत! पण मला दोघांपेक्षा दोघांमधलं भांडण महत्त्वाचं वाटतं. आधी तळ्यावर नावेत एलियास सांगतो की लोकांच्या मागण्या आहेत, सिव्हिल गार्डचा जाच कमी करा, पाद्र्यांची सत्ता कमी करा, न्याय नीट द्या. आणि इबारा काय म्हणतो? हे वाईट आहे पण आवश्यक आहे, वरून हळूहळू सुधारणा होईल. मग त्याला खोट्या बंडात अडकवतात, तो कट खुद्द साल्वीने रचलेला, घर जळतं, तुरुंग होतो. आणि शेवटच्या नावेत बोलणं अगदी उलटं. आता इबारा म्हणतो लोकांना उठवतो, आणि एलियास म्हणतो नको, ज्यांना काही नको होतं तेच आधी मरतील.

दोघांनी भूमिका बदलल्या. रिझालला स्वतःलाच ठरवता येत नव्हतं असं मला वाटतं. १८९६ मध्ये बोनिफासिओच्या कातिपुनान या गुप्त संघटनेने खरंच बंड केलं तेव्हा हा तुरुंगातून बंडाच्या विरोधात निवेदन लिहितो, आणि तरी स्पॅनिश सरकार ३० डिसेंबरला मनिलात त्यालाच गोळ्या घालतं, बंडाचा प्रेरक म्हणून.

डॉ_हळद

याला पुरावा पण आहे एक. होसे आलेहांद्रिनो म्हणून होते, नंतर क्रांतीत जनरल झाले, ते बेल्जियममध्ये रिझालबरोबर राहायचे दुसरी कादंबरी छापली जात होती तेव्हा. त्यांनी आठवणींत लिहिलंय की रिझाल म्हणायचा एलियासला मारून चूक झाली, इबाराला मारायला हवं होतं. तब्येत इतकी खराब होती की दुसरा भाग लिहायला आपण जगू असं वाटलं नव्हतं म्हणे.

दुसऱ्या भागात इबारा येतो तो सिमून नावाचा जवाहिऱ्या होऊन, निळा चष्मा लावून. पुढचं सांगत नाही, चहाबाज रागावतील.

चहाबाज

सांगा हो, आता राहिलंय काय.

मुक्ताफळे

अवांतर, पण मला तासियोबाबा हवा होता जास्त. वादळ येतंय आणि हा माणूस खूश, का तर वीज पडून तरी काहीतरी होईल. आधी गावच्या कारभाऱ्याला सांगून झालेलं की विजेपासून वाचायला चर्चवर सळ्या बसवा, तर गावाने फटाके आणले आणि घंटा वाजवायला पैसे दिले. विजा पडत असताना घंटेखाली दोन पोरं उभी, बासिलियो आणि क्रिस्पिन. इथे गंमत कुठे संपते कळतच नाही.

तो चित्रलिपीत लिहितो ते पण आवडलं. विचारलं कोणासाठी, तर म्हणे पुढच्यांसाठी, सगळेच झोपले नव्हते हे त्यांना कळू दे.

वाचनवेडी

मूळ प्रश्नाकडे यायचं का? निशिगंध, मला एक सांगा, तुम्ही उपसंहार वाचलात का नीट? खूप जण शेवटचं प्रकरण संपलं की मिटतात.

मारिया क्लाराला पेपरातून कळतं की इबारा मेला (मेलेला नसतो). ती दामासोला सांगते, मठ नाहीतर मरण. आणि तो आडदांड माणूस रडतो, देवा मला शिक्षा कर, तिला नको. मुलीला त्याने चांगल्या घरी द्यायचं ठरवलं होतं आणि त्यासाठीच इबाराला मोडला, आणि तिनेच त्याच्या सगळ्या बेतावर पाणी फिरवलं. हा तिचा नकार आहे, बेशुद्ध पडणं नाही. दामासो नंतर लांबच्या प्रांतात बदली झाल्याचं कळताच दुसऱ्या दिवशी बिछान्यात मेलेला सापडतो.

पण ज्या सांता क्लारा मठात ती जाते तिथे साल्वी येऊन बसतो. वादळी रात्री दोन शिपायांना मठाच्या छपरावर एक जोगीण आकाशाकडे हात करून रडताना दिसते. दुसऱ्या दिवशी सरकारी माणूस चौकशीला जातो, एक भिजलेली फाटक्या झग्यातली जोगीण त्याच्याकडे येऊन वाचवा म्हणते, आणि मठाची प्रमुख सांगते वेडी आहे. तो निघून जातो. चौकशी बंद.

ज्या मुलीला तुम्ही फिकी म्हणता, तिनेच शेवटी अधिकाऱ्यासमोर उभं राहून तोंड उघडलं. ऐकलं कोणी नाही ही गोष्ट वेगळी.

डोंगरवाट

पण नाव कुठे लिहिलंय त्या जोगिणीचं? लेखक म्हणतो मारिया क्लाराबद्दल पुढे काही कळलं नाही. परत तेच, तो तिच्यापासून लांब उभा राहतो.

वाचनवेडी

हो, कारण मठाच्या भिंतीआत त्यालाही जाता येत नाही. मला ते बरोबर वाटतं.

निशिगंध

वाचनवेडी, उपसंहार वाचला होता पण या बाजूने नाही. गच्चीचा प्रसंग परत वाचून बघते. डोंगरवाटचा मुद्दा तरी शिल्लक आहेच, सिसाचा भात आणि सुकी मासळी जेवढी दिसते तेवढं या मुलीच्या मनातलं दिसत नाही.

डॉ_हळद

यात अजून एक तेल ओततो. छापील पुस्तकातून एक अख्खं प्रकरण गाळलेलं आहे, 'एलियास आणि सालोमे'. कारण वैचारिक वगैरे नाही, पैसे नव्हते! बर्लिनमध्ये रिझाल अक्षरशः उपाशी होता, छपाईचे तीनशे पेसो त्याच्या मित्राने, माक्सिमो व्हियोलाने दिले. दोन हजार प्रती. पानं कमी करायची म्हणून हे प्रकरण गेलं.

सालोमे ही तळ्याकाठी झोपडीत एकटी राहणारी मुलगी. एलियासवर प्रेम, आणि ती ते सरळ बोलते. नातेवाइकांकडे मिंदोरोला जायच्या आधी त्याला म्हणते, मी गेल्यावर या घरात ये, राहा, मी इथेच आहे असं समज. तो नाही म्हणतो, माझ्या नशिबात तुला ओढणार नाही, दुसऱ्याशी लग्न कर. ती भांडते त्याच्याशी. लाजत नाही, पियानो नाही, काही नाही. आमच्या मॅडम हे प्रकरण झेरॉक्स काढून वाटायच्या.

मुक्ताफळे

म्हणजे लिहिता येत होतं त्याला! कागद परवडला नाही.

अण्णा_गिरगाव

मगरीचं प्रकरण गाळायचं होतं. पानं तीही वाचली असती.

बोटीवरचा

अण्णा, बोसनला सांगू का हे? मगर त्याची फेवरिट आहे. बाकी पुढच्या महिन्यात परत चढतोय, या वेळी क्रू सगळा इलोइलोचा आहे, सालोमेबद्दल विचारतो आणि इथे लिहितो. नेट मिळालं तर.